बायकांच्या डब्यातली कादंबरी

बायकांचा डबा म्हणजे कथालेखकाला आयता मिळालेला रंगमंच. दार एकदा लागले की नवरा नाही, सासूबाई नाहीत, साहेब नाही. मग जीभ मोकळी होते. अनिता नायर यांनी ‘लेडीज कूपे’ या आपल्या २००१ सालच्या इंग्रजी कादंबरीत हा रंगमंच अचूक हेरला. माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरणीने ती कोश उशाशी ठेवून वाचली. मैत्रिणींना मी सांगत असते, की अवश्य वाचा, पण थोडे भांडत वाचा.

कथानक साधे आहे. अखिला ही पंचेचाळिशीची अविवाहित कारकून. वडिलांमागे सारे घर तिने ओढले. एके दिवशी ती बंगलोरहून कन्याकुमारीचे तिकीट काढते. रात्रीच्या गाडीतल्या त्या छोट्या कूपेत तिला आणखी पाच जणी भेटतात. बाईने एकटीने राहावे काय, राहून सुखी व्हावे काय, हा अखिलेचा प्रश्न; आणि त्यावर प्रत्येकीची कहाणी हे उत्तर.

या कहाण्यांत मला सर्वांत आवडली ती मार्गारेटची. ती रसायनशास्त्राची शिक्षिका, नवरा त्याच शाळेचा मुख्याध्यापक. माणसांकडे ती रसायने म्हणून पाहते. नवऱ्याचा तोरा उतरवायला ती भांडत नाही, रडत नाही; तुपातेलाचे खाऊ घालून घालून त्याला लठ्ठ करून सोडते! स्वयंपाकघरातला असा सूड आपल्याकडच्या किती लेखकांना सुचला असता? (दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे ठेवून हे वाचणाऱ्या पुरुषमंडळींनी मनावर घेऊ नये.)

भांडण आहे ते निराळ्याच ठिकाणी. इथे प्रत्येकीला आपली गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायची सवड मिळते. मुंबईच्या लोकलमधला बायकांचा डबा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे पटणे कठीण. तिथे दुःख हप्त्याहप्त्याने सांगितले जाते. सुनेची तक्रार ठाण्याला सुरू होते, घाटकोपरला गर्दीत बुडते आणि दुसऱ्या दिवशी मटार सोलताना पुन्हा वर येते. शिवाय ‘कुठे उतरणार?’ हा तिथला पहिला प्रश्न, आणि चौथ्या सीटवर अर्धी टेकलेली बाई काही कुणाची मैत्रीण नसते. चर्चगेट ते बोरिवली अशी सबंध गाडीच बायकांसाठी १९९२ साली धावू लागली; तीत मैत्री वाढली, तशी जागेवरून खडाजंगीही वाढली असेल. नायरबाईंच्या कूपेत मात्र फार शांतता आहे.

पण ही शांतता खरी नव्हे, हे त्यांनाही उमगले आहे, आणि तिथे कादंबरी मोठी होते. सहाव्या बाईला, मारिकोळुंदूला, इतर जणी आपल्यात धरत नाहीत. तिला आपल्यासारखे इंग्रजी येत नसणार, हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलेले असते. गप्पा रंगतात त्या तिला वगळून. तिची कहाणी येते ती सर्वांत शेवटी, आणि तिच्यापुढे आधीच्या साऱ्या कहाण्या फिक्या पडतात. दुसऱ्यांच्या घरी राबत जिचे आयुष्य गेले, तिला ‘एकटी राहू का?’ असे विचारायची सोय कधी होती? एकटेपण तिच्यावर लादलेलेच होते.

माझी तक्रार अशी, की लेखिकेने हा निखारा हाती घेतला आणि लवकर खाली ठेवला. शेवटची पाने पुन्हा अखिलेची होतात. तिला धीर आला, आनंद आहे. पण डब्याच्या दारावर ‘स्त्रियांसाठी’ अशी पाटी लावल्याने आतल्या बायका एक होतात का, हा प्रश्न गाडीतच राहतो. आपल्या लोकलमध्येही बायकांचा पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग यांच्यामध्ये आडभिंत असतेच, आणि मासळीची पाटी घेतलेली कोळीण दोन्हीकडे न जाता मालडब्याकडे वळते. मराठीत हा डबा कुणी लिहायला घेतलाच, तर माझी एक विनंती आहे: तिची गोष्ट शेवटी ठेवू नका, पहिल्या प्रकरणात घ्या.