अंत्युखियातली पंगत

मंडळी, आज गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय घेऊ. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून काही माणसं आली, तसा तो सुंता झालेल्यांच्या भीतीनं बाजूला झाला. बर्णबाही त्याच्यामागे गेला. (पंगतीतून उठणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.) पेत्रानं शिकवण बदलली नव्हती, नुसती जागा बदलली होती. पण पौलाच्या लेखी तेवढ्यानंच तारण कृपेनं मिळतं ही गोष्ट खोटी पडते. परराष्ट्रीयांना त्याचा अर्थ एकच कळणार: नुसता ख्रिस्त पुरत नाही, आधी यहूदी व्हा, मग या जेवायला. म्हणून त्यानं पेत्राला सर्वांसमक्ष सुनावलं.

इथवर मी पौलाच्या बाजूचा. अडचण आहे ती अधिकाराची. आपलं प्रेषितपण माणसांकडून आलेलं नाही, असं तो पत्राच्या पहिल्याच वाक्यात ठासून सांगतो. मग १४ वर्षांनी यरुशलेमेला जाऊन, आपली धाव व्यर्थ ठरू नये म्हणून, तिथल्या मान्यवरांपुढे आपली सुवार्ता मांडतो कशाला? मला वाटतं, शिक्कामोर्तब त्याला स्वतःसाठी नको होतं. यरुशलेमेनं पाठ फिरवली तर मंडळीच दोन होतील, ही धास्ती होती. शिवाय, निराळी सुवार्ता सांगणारा शापित, असं म्हणताना तो स्वतःलाही वगळत नाही. हे मोठंच आहे.

खटकतं ते पुढे. पेत्रानं काय उत्तर दिलं, हे पत्रात येतच नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात तर हे भांडणच नाही. म्हणजे फिर्यादी पौल, आणि साक्षीदारही पौलच.