घटकाभरचा शोक

सकाळीं बंदरास लागून सायंकाळीं सुटणाऱ्या सहलीच्या बोटीवरील उतारूस कोचीचें मट्टनचेरी पाहण्यास पांच-सात घटका मिळतात. तेवढ्यांत तो ज्यू टाउनची गल्ली हिंडून येतो आणि घरीं परतल्यावर प्रवासवर्णन लिहितो. अशीं वर्णनें आम्हीं पुष्कळ वाचलीं. एकांतील पान काढून दुसऱ्यांत घातलें तर मूळ लेखकाच्याहि ध्यानांत येऊं नये, इतकीं तीं एकसारखीं असतात. १५६८ सालचें परदेशी सिनेगॉग, निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा, काचेचीं झुंबरें, घड्याळाचा मनोरा, मसाल्यांचा दरवळ. आणि शेवटीं, यहुदी निघून गेल्यामुळें ओस पडलेल्या घरांवर ढाळलेले चार अश्रू.

या अश्रूंविषयीं आमची तक्रार नाहीं. ते कोणासाठीं, हें ढाळणाऱ्यास ठाऊक नसतें, ही तक्रार आहे. करुणरसाला आलंबन लागतें. येथें तें ‘लुप्त होत चाललेला एक समाज’ एवढेंच. वस्तुतः हा समाज एक नव्हताच. स्पेन-पोर्तुगालकडून व पश्चिम आशियांतून मागाहून आलेले ते परदेशी. त्यांच्याहून कितीतरी जुने व संख्येनें मोठे ते मलबारी. परदेशी त्यांना बरोबरीचे मानीत नसत. गुलामगिरींतून मुक्त झालेल्यांचे वंशज तर परदेशी सिनेगॉगांतच प्रार्थनेस येत. पण त्यांना बाकांवर बसण्याचा अधिकार नव्हता. विसाव्या शतकांत त्यांच्यांतीलच ए. बी. सालेम या वकिलानें याविरुद्ध सत्याग्रहाचा मार्ग धरला. फरशांची नक्षी वाखाणणाऱ्या उतारूस, भुईवर कोण बसत असे, हें विचारण्याचें सुचत नाहीं. महाडच्या तळ्याचा १९२७ सालचा आणि काळाराम मंदिराचा १९३० सालचा सत्याग्रह ज्यानें शाळेंत असतांनाच वाचला, त्या मराठी लेखकास तरी तें सुचावयास हवें होतें.

या वर्णनांशेजारीं ‘रूबी ऑफ कोचीन’ हें १९९५ सालचें इंग्रजी पुस्तक ठेवून पाहावें. रूबी डॅनिएल या १९१२ सालीं जन्मल्या, याच गल्लींत वाढल्या आणि १९५१ सालीं इस्रायलला गेल्या. बार्बरा जॉन्सन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या साह्यानें त्यांनीं या आठवणी लिहिल्या. त्यांचें कुटुंब त्या भुईवरच्यांपैकींच. म्हणून सण, लग्नें, दंतकथा, बायकांचीं मल्याळम् गाणीं यांच्या वर्णनांत माया आहे आणि अपमानाची सलहि आहे. एकीनें दुसरीला झांकलेलें नाहीं. कालक्रम सैल आहे, एका गोष्टींतून दुसरी फुटते. परंतु आजीच्या बोलण्यांत तो दोष कोण मानील? ज्या घरावर उतारू रडतो त्या घरांतील भांडण येथें ऐकूं येतें, आणि तेव्हांच तें घर होतें असें वाटतें.

मलबारी यहुद्यांचें कडवुंभागम् सिनेगॉग त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकास. त्याचें कोरीव लाकडी अंतरंग आज जेरुसलेमच्या इस्रायल संग्रहालयांत आहे. मागें उरलेल्या इमारतीची दर्शनी भिंत २०१९ च्या पावसांत कोसळली. आम्हीं वाचलेल्या एकाहि प्रवासवर्णनांत तिचा उल्लेख आढळला नाहीं.