अकाण्डी प्रकटलेला शृंगार : मालिकांतील पूर्वकथा आणि प्रेक्षकाचा विरस

दैनंदिन मालिकांविषयी प्रेक्षक जी तक्रार करतो तिची भाषा ठरावीक आहे : ‘पाणी घातले’, ‘उगाच ताणले’, ‘यांचे प्रेम मध्येच कुठून उपटले?’ आपल्या समीक्षेने या उद्गारांची फारशी दखल घेतलेली नाही. लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासकाला मालिकेत विचारप्रणाली दिसते, स्त्रीप्रतिमा दिसते. प्रत्यक्ष पाहताना होणारा विरस मात्र त्याला किरकोळ वाटतो. वस्तुतः हा विरस म्हणजे एक रसविषयक निवाडा आहे आणि त्याची परिभाषा आपल्याजवळ नवव्या शतकापासून उपलब्ध आहे.

‘ध्वन्यालोका’च्या तिसऱ्या उद्द्योतात आनंदवर्धनाने रसाला विरोधी ठरणाऱ्या गोष्टी सांगितल्या आहेत. अवेळी रस तोडणे, अवेळी तो प्रकट करणे, परिपोष झालेला रस पुन्हापुन्हा चेतवणे या त्यांतल्या तीन. मम्मटाने पुढे त्यांना रसदोषांच्या यादीत बसवले आणि अकाण्डी विस्ताराचे उदाहरण म्हणून ‘वेणीसंहारा’च्या दुसऱ्या अंकाकडे बोट दाखवले : रणात वीर पडत असताना दुर्योधन आणि भानुमती यांचा शृंगार रंगवला आहे. याच अंकासंबंधी आनंदवर्धनाचे निदान मला अधिक मार्मिक वाटते. त्याच्या मते भट्टनारायणाने ‘विलास’ हे संध्यंग तेथे योजले ते प्रकृत रसाला हवे होते म्हणून नव्हे. केवळ भरताच्या शास्त्रात ते सांगितले आहे म्हणून. म्हणजे दोष शृंगाराचा नाही, नियमपालनाचा आहे.

आजच्या मालिकेत भरताच्या जागी वाहिनी आहे, एवढाच फरक. कथा पोलिसांची असो, भुताची असो वा इतिहासाची, एक जोडी हवीच, हा तिथला विलास-नियम. (प्रेक्षकपसंतीच्या आकड्यांवर सगळे खापर फोडणे सोयीचे असते, पण आकडे ‘जोडी घाला’ असे म्हणत नाहीत, त्यांचा तसा अर्थ कोणीतरी लावतो.) जिथे कथाच प्रेमाची असते तिथे तिसरा दोष अवतरतो. ‘होणार सून मी ह्या घरची’ (२०१३–२०१६) या मालिकेतील श्री आणि जान्हवी यांच्या प्रेमावर प्रेक्षकांनी मनापासून लोभ केला. पुढे जान्हवीचे लांबलेले गरोदरपण हा घरोघरी विनोदाचा विषय झाला. हसणारे प्रेक्षक तेच होते. रती परिपुष्ट झाल्यावर तिला चेतवत राहिले की तिचे हास्यात पर्यवसान होते.

पूर्वकथेचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि त्यासाठी ‘रात्रीस खेळ चाले’ हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. २०१६ साली सुरू झालेले पहिले पर्व कोकणातल्या नाईकवाड्यात अण्णांच्या मृत्यूने उघडते. तिथे अण्णा ही एक पोकळी आहे; वाड्यातले भय त्या पोकळीतून निपजते. २०१९ च्या दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला आणि हयात अण्णा, त्यांचा जुलमी कारभार, शेवंतेशी असलेला संबंध असे सगळे दाखवले. झेरार जेनेतच्या परिभाषेत हे मूळ कथनकाळाबाहेरचे पश्चात्कथन. अशा कथनाने गूढाचा घात होतो, हा आक्षेप उघड आहे आणि तो अंशतः खराही आहे : जे सावलीत होते ते अंगणात येऊन बसले. तरीही या पर्वाने प्रेक्षकाला खिळवले, ते का?

कारण इथे ज्ञानाची विषम वाटणी आहे. महाभारतात कर्णजन्म श्रोत्याला आदिपर्वातच कळतो, युधिष्ठिराला मात्र स्त्रीपर्वात, कर्ण मारला गेल्यावर. मधल्या सर्व पर्वांतील प्रत्येक बाण त्या ज्ञानामुळे जड होतो. अण्णांचा शेवट प्रेक्षकाला ठाऊक आहे, अण्णांना नाही. त्यामुळे शेवंतेच्या दारातील साधे येणेजाणेही भयाने रंगते. शिवाय हा शृंगार शास्त्रदृष्ट्या शृंगाराभासच, आणि मालिकेने त्याला बव्हंशी आभासच राहू दिले. माईचा मूक वावर ही त्याची सततची साक्ष होती. ‘उपटलेले प्रेम’ ही तक्रार इथे लागू पडत नाही, कारण प्रेम अंगी असलेल्या भयानकाचे अंग होऊन आले.

२०२१ च्या तिसऱ्या पर्वात मात्र तेच दोघे भुते होऊन परतले. जे सांगायचे ते सांगून झाले होते. उरली होती ती पात्रांची लोकप्रियता. पूर्वकथेने पोकळी भरल्यावर तीच पोकळी पुन्हा भयप्रद कशी ठरणार?

यावर असे म्हटले जाईल की, अंगी रसाची कल्पना बंदिस्त नाटकासाठी आहे; जिचा शेवट लेखकालाच ठाऊक नाही अशा मालिकेला ती कशी लावावी? आक्षेपात तथ्य आहे. पण अंगी रस लेखकाने ठरवला नाही तरी प्रेक्षक पहिल्या काही आठवड्यांत तो ठरवून टाकतो आणि पुढचा प्रत्येक भाग त्यावर तोलतो. आपल्या पदव्युत्तर वर्गात रसदोष ‘वेणीसंहारा’पाशी शिकवून संपतात. घरी त्याच विद्यार्थ्याची आजी ‘आता हे कशाला मध्ये?’ म्हणते तेव्हा ती मम्मटाच्या सातव्या उल्लासातलेच बोलत असते.