लगोरीचे नियम आणि यंत्रमानव

विद्यार्थ्यांच्या यंत्रमानव-स्पर्धेची बातमी वर्तमानपत्रात येते तेव्हा तिच्यात चषक असतो, संघाचे छायाचित्र असते, प्राचार्यांचे अभिनंदन असते. स्पर्धेचे नियम मात्र नसतात. आमच्या मते शिक्षकांनी वाचावा असा भाग तोच. नाटकाचे परीक्षण करताना संहिता पाहावी लागते, तशी आम्ही येथे एका स्पर्धेची नियमावली पाहणार आहोत.

आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची ‘रोबोकॉन’ ही स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी असते आणि दर वर्षीचा विषय यजमान देश ठरवतो. भारताकडे हे यजमानपद २००८ व २०१४ साली पुण्यात आणि २०२२ साली दिल्लीत आले. पहिल्या वेळी विषय होता गोविंदा व दहीहंडीचा, दुसऱ्या वेळी बागेत खेळणाऱ्या पालक आणि मुलाचा, तिसऱ्या वेळी चक्क लगोरीचा! कुठे लगोरी, कुठे लिंगोरचा. पण हा खेळ न खेळलेला वाचक आम्हाला तरी भेटायचा आहे.

यंत्रांची लगोरी साधारण अशी होती. एका संघाच्या यंत्राने चेंडू फेकून पाच चकत्यांचा ढीग पाडायचा आणि त्याच संघाच्या दुसऱ्या यंत्राने तो पुन्हा रचायचा. रचणाऱ्याला प्रतिपक्षाच्या यंत्राने चेंडूने टिपायचे. येथे नियम करणाऱ्यांपुढे एक अडचण होती. मुलाच्या पाठीत चेंडू बसला की त्याला कळते, सगळ्या मैदानाला कळते. यंत्राला चेंडू लागला हे कोणी ठरवायचे? त्यावर काढलेला तोडगा आम्हाला फार आवडला. रचणाऱ्या यंत्राच्या माथ्यावर एक चेंडू नुसता ठेवलेला असतो. प्रतिपक्षाने तो पाडला की काम फत्ते. विजेरी संवेदक नाही, पंचांशी वाद नाही. निकाल गुरुत्वाकर्षण देते. शिवाय माथ्यावरचा चेंडू सांभाळायचा म्हणजे रचणाऱ्या यंत्राला हिसके देत पळता येत नाही. एका साध्या नियमाने दोन कामे केली.

आमची तक्रार चकत्यांबद्दल आहे. त्या ठरावीक मापाच्या, गोल, खालून वर लहान होत जाणाऱ्या होत्या. अंगणातल्या लगोरीत असे कधी असते का? तिथे फरशीचा तुकडा असतो, खापर असते, एक बाजू फुगलेला दगड असतो. कोणता दगड कशावर बसेल, हे पळतापळता ठरवणे हीच खरी लगोरी. नियमावलीने नेमका हाच प्रश्न आधीच सोडवून विद्यार्थ्यांच्या हाती दिला. सर्व देशांच्या संघांना सराव सारखा मिळावा म्हणून साहित्य एकसारखे हवे, हे आम्हाला मान्य आहे. पण त्यामुळे संघांच्या हंगामातले कित्येक महिने वेग आणि अचूकता यांच्यावरच खर्ची पडतात, निवड करण्यावर नाही. पुण्याच्या २०१४ च्या विषयात पालक-यंत्राने बाळ-यंत्राला सीसॉवर आणि झोपाळ्यावर खेळवायचे होते. झोपाळा झोपाळ्यासारखाच हलणार, यंत्राने त्याच्याशी जुळवून घ्यायचे. खेळातली अडचण तिथे अधिक शाबूत राहिली होती.

हे सारे महागडे काम, आपल्या शाळेचा त्याच्याशी काय संबंध, असे धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या शिक्षकाला वाटणे साहजिक आहे. या स्पर्धांचा उगम मात्र महागडा नव्हता. अमेरिकेतल्या एमआयटीत वुडी फ्लॉवर्स यांनी १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांना सटरफटर वस्तूंची सारखीच पिशवी देऊन त्यातून यंत्र करायला लावले. जपानमध्ये मासाहिरो मोरी यांनी १९८१ साली दोन कोरड्या बॅटऱ्यांवर माणसाला वाहून नेणारी गाडी करायला सांगितली. दोन बॅटऱ्या आणि एक माणूस! साधने तुटपुंजी होती म्हणून प्रश्न मोठा झाला. २०१६ साली सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या शाळांसाठी २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद होती. जिथे अशी प्रयोगशाळा आहे तिथे ती जरूर वापरावी. पण तयार संचासोबत तयार सूचनाही येतात. त्या पाळून गाडी चालली की टाळ्या मिळतात, आणि ती का चालली हे विचारायचे राहून जाते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या शाळेला आम्ही उलटा हंगाम सुचवू. यंत्र नंतर, नियम आधी. सातपुड्याच्या उतारावरचे काळ्या बेसाल्टचे सात वेडेवाकडे दगड वर्गात आणावेत. एका मुलाने यंत्र व्हायचे. स्वतःची अक्कल वापरायची नाही, सांगितले तेवढेच करायचे. बाकीच्यांनी कागदावर लिहिलेल्या सूचनांनी त्याच्याकडून लगोरी रचून घ्यायची. ‘मोठा दगड खाली ठेव’ ही पहिली सूचना येईल आणि तिथेच गाडी अडेल. मोठा म्हणजे जड, उंच, की रुंद? सूचना खोडली जाईल, पुन्हा लिहिली जाईल. खोडलेले कागद टाकू नयेत. गुण त्यांनाच द्यावेत. मग कोणाच्या तरी लक्षात येईल की खडबडीत दगड खालच्या दगडाला पुरता टेकत नाही, तीन ठिकाणी टेकतो. ते तीन बिंदू जोडले की त्रिकोण होतो. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा त्याच्या आत पडली तर दगड राहतो, बाहेर गेली तर कलंडतो. पण यंत्र झालेल्या मुलाला गुरुत्वमध्य दिसत नाही. त्याला फक्त दगड हलल्याचे बोटांना कळते. मग सूचना अशी होते: दगड ठेव, हात सैल कर, हलला तर थोडा फिरव, पुन्हा हात सैल कर. किती वेळा फिरवल्यावर तो दगड सोडून दुसरा घ्यायचा, यावर वर्गात भांडण होईल. ते होऊ द्यावे.