कर्जत आणि कल्याण यांच्या मधले भविष्य

मनुष्यप्राण्याला जी व्यसने जडली आहेत त्यांत ‘जर-तर’चे व्यसन सर्वांत जुने आणि सर्वांत स्वस्त असावे. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटले असते, अशी म्हण करून आपल्या वाडवडिलांनी या व्यसनाची थट्टा केली. विज्ञानकथाकार मात्र थट्टा करीत नाही. तो त्या मिशा खऱ्या धरतो, आणि मग घरात कोणाचे काय झाले असते याचा शांतपणे हिशेब मांडतो. कालप्रवासाच्या कथेचे सारे मर्म या हिशेबात आहे. यंत्र कसे चालले याची चौकशी शाळकरी मुलांनी करावी. आपण थोरामोठ्यांनी हिशेब तपासावा.

मराठीत हा हिशेब सर्वांत नेकीने मांडला तो जयंत नारळीकरांनी. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा धाडली ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम त्यांनी उलटा केला होता आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहवून घेतली होती. पहिले बक्षीस जगतापांना मिळाले आणि मराठीला एक कथाकार मिळाला. मे २०२५ मध्ये नारळीकर गेले. त्यानंतरची ही दिवाळी. तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी त्यांची एखादी कथा पुन्हा उघडून बसावे, हे स्वाभाविकच होय.

मी उघडली ती ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. लेखकानेच इंग्रजीत आणलेले तिचे रूप एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या पुस्तकात घेतले गेले, त्यामुळे ती पुष्कळ घरांत पोचली आहे. पुढचे तपशील मी त्या इंग्रजी रूपातलेच घेतो. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातात निराळ्याच जगात जाऊन पडतात. त्या जगात १४ जानेवारी १७६१ रोजी विश्वासरावांवर झाडलेली गोळी तीळभर अंतराने चुकली आहे आणि पानिपत मराठ्यांनी जिंकले आहे. इंग्रजांच्या हाती उरली आहे ती एकटी मुंबई, आणि तीही कराराने.

हलका लेखक असता तर या कल्पनेवर भगव्या झेंड्यांची मिरवणूक काढून मोकळा झाला असता. नारळीकरांनी तसे केले नाही. त्यांनी गंगाधरपंतांना आगगाडीत बसवले. गाडीचे नाव जिजामाता एक्सप्रेस. ती डेक्कन क्वीनहून वेगाने धावते. पुण्याबाहेरच्या कारखान्यांच्या वसाहती दिसत नाहीत, हे प्राध्यापकांच्या लक्षात येते. चाळीस मिनिटांत लोणावळा येते. घाट तोच. कर्जतला गाडी जेमतेम थांबते आणि मग कल्याणवरून धडधडत निघून जाते. प्राध्यापकांचे मन तिच्याहून वेगाने धावत असते, कारण मुंबईच्या ग्रंथालयात जाऊन कोणती पुस्तके चाळायची, याचा बेत ते आखीत असतात.

वाचकहो, मी बदलापूरचा रहिवासी. कर्जत आणि कल्याण यांच्या मधल्या या दोन वाक्यांत बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर गडप झाली आहेत, हे माझ्या ध्यानात येणारच. गाडी थांबली नाही याची तक्रार नाही. खरी डेक्कन क्वीन तरी आमच्यासाठी कुठे थांबते? माझा प्रश्न असा, की प्राध्यापकांनी त्या वेळी खिडकीबाहेर पाहिले असते तर त्यांना काय दिसले असते?

उत्तर कथेतच आहे, आणि माझ्या मते ती कथेतली सर्वांत भेदक जागा आहे. पंतांच्या शेजारी एक खानसाहेब बसले आहेत. त्यांना पेशावरला जायचे आहे. मुंबईहून फ्रंटियर मेल धरायची, दिल्ली, मग लाहोर, मग पेशावर. हे सगळे ते आपण नाशिकला जातो तितक्या सहजपणे सांगतात. सरहद्द या नावाचे स्टेशन लागते खरे, पण ते कल्याणच्या पुढे, लांब बोगदा ओलांडल्यावर. तो बोगदा पारसिकचाच असणार. परवाने तपासले जातात ते तिथे. लाहोरच्या वाटेवर खानसाहेबांना अशी अडचण दिसत नाही. फाळणीचा शब्दही न उच्चारता, फाळणी न झालेला देश लेखकाने एका प्रवाशाच्या तिकिटातून दाखवला आहे.

आता हिशेब पुढे न्यावा. फाळणी नाही म्हणजे सिंधमधून कोणी निर्वासित होऊन आले नाही. महायुद्धात कल्याणजवळ लष्करासाठी उभारलेल्या बराकी कदाचित उभ्याच राहिल्या नसत्या. राहिल्या असत्या तरी त्यांत सिंधी कुटुंबे उतरली नसती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते ज्या गावाचे नामकरण झाले ते उल्हासनगर त्या जगात नाही. आजही तिथे पत्ता सांगताना लोक ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. गावातल्या मालावर ‘यू.एस.ए.’ छापून त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन असा सांगण्याचा विनोद तर सर्वतोमुखी आहे. आपले जग मागे राहिलेली माणसे दुसऱ्याच जगाचा शिक्का मारून पोट भरू लागली, हे विज्ञानकथेहून कमी अद्भुत नाही.

इतिहास निराळा घडायला हवा होता असे म्हणण्याचा अधिकार या लोकांइतका कोणालाच नाही. तरीही तो निराळा घडला असता तर कॅम्पात जुळलेली लग्ने जुळली नसती आणि त्या बराकीत जन्मलेली नातवंडे जन्मली नसती. दुःख पुसावे तर त्याच्या पाठोपाठ आलेली माणसेही पुसली जातात. कालप्रवासाच्या कथेला विचारण्याजोगा हाच प्रश्न आहे. नारळीकर त्या प्रश्नाच्या दारापर्यंत जातात, आणि मग कथा ग्रंथालयाकडे वळते. तिथून पुढे बखर, आझाद मैदानावरची सभा, अध्यक्षांची रिकामी खुर्ची आणि अखेर पुंजवादाचे स्पष्टीकरण. हे सारे रंजक आहे. पण खानसाहेबांना पुन्हा भेटावे, ही हुरहूर माझ्या मनात राहिली.

आमच्या विज्ञानकथेची ही एकंदर मर्यादा मला वाटते. तिच्या भविष्यात प्राध्यापक असतात, संशोधक असतात, समित्या आणि मंत्री असतात. सकाळी सहाची लोकल पकडणारा मनुष्य क्वचितच असतो. वेल्सने १८९५ साली आपल्या कालयंत्रातून प्रवाशाला ८,०२,७०१ या वर्षी नेले, तेव्हा जमिनीवर नाजूक, निरुद्योगी माणसे आणि जमिनीखाली यंत्रांजवळ राहणारे भेसूर जीव दाखवले. त्याने कामकऱ्याला राक्षस केले हे खरे, पण भविष्यातून वगळले नाही. अंबरनाथमध्ये शके ९८२चा शिलालेख असलेले शिवमंदिर आहे, आणि त्याला लागून वाहणारी वालधुनी कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे. नऊ शतकांपूर्वीचा कारागीर आणि आजचा रसायनांचा कामगार एकाच काठावर उभे आहेत. कालप्रवासाला याहून सोयीचे स्थानक कोणते? पण तिथे उतरणारा कथाकार मला अजून भेटलेला नाही.

दरम्यान भविष्यकाळ परस्परच येऊन गेला. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान अडकली. चोहोबाजूंनी पाणी आणि गाडीत सुमारे १,०५० माणसे. बोटी आल्या, हेलिकॉप्टरे आली, आसपासचे गावकरीही धावले, आणि सारे सुखरूप बाहेर पडले. जिजामाता एक्सप्रेस ज्या टापूतून न पाहता निघून गेली, त्याच टापूने खऱ्या गाडीला थांबवून आपल्याकडे पाहायला लावले. मुंबईत बर्फ पडल्याची कथा नारळीकरांनी लिहिली होती. आमच्याकडे बर्फ पडला नाही, पण हवामानाच्या लहरीपुढे शहराचा तोरा टिकत नाही, हे त्या कथेचे म्हणणे आम्ही रुळांवर पाहिले.

मग भविष्यकथा लिहावी कशी? माझे उत्तर थोडे विक्षिप्त वाटेल. न्यायखात्यातून निवृत्त होऊन बदलापुरात राहिलेले ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली या गावावर एक ग्रंथ लिहिला. गावचे लोक, त्यांचे धंदे, त्यांच्या चालीरीती यांची नोंद त्यांनी एखाद्या कज्जाचा पुरावा गोळा करावा तशी केली. आज ते गाव राहिलेले नाही. त्याच्या जागी इमारतींची रांग उभी आहे. पण पुस्तक उघडले की माणूस नव्वद वर्षे मागे जातो, तेही कोणत्याही यंत्रावाचून.

ज्याला २१३३ सालचे बदलापूर लिहायचे असेल त्याने खुशाल आइनस्टाइन वाचावा, पण उशाशी चापेकर ठेवावेत. पाणी कोठून येईल, घरभाडे कोण भरील, कॅम्पातल्या पणतीला सिंधी येत असेल की नाही, हे त्याने तितक्याच चिकाटीने नोंदवावे. अशी कथा आली तर जिजामाता एक्सप्रेसला आमच्याकडे दोन मिनिटांचा थांबा मिळेल. तेवढ्या वेळात पंतांना खिडकीतून पुष्कळ दिसेल.