हुंडणावळ आणि रुपयाची किंमत

रुपयास किती पेन्स मिळावे, या प्रश्नानें एके काळीं सारा देश ढवळून काढला होता. महात्मा गांधींनीं जानेवारी १९३० मध्यें सरकारपुढें ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत हुंडणावळीचा दर १ शिलिंग ४ पेन्सांवर आणावा ही एक होती. असें असतांही, या वादाच्या मुळाशीं जाणारा जो ग्रंथ एका महाराष्ट्रीयानें लिहिला, तो आमच्या सुशिक्षित घरांतून फारसा उघडला जात नाहीं. डॉ. आंबेडकरांचा ‘दि प्रॉब्लेम ऑफ दि रुपी’ हा लंडन विद्यापीठाच्या डी. एस्‌सी. पदवीसाठीं लिहिलेला प्रबंध १९२३ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रंथकर्त्याविषयीं आदर आज सर्वत्र आहे. पण ग्रंथाचा खरा आदर त्याची परीक्षा करण्यांत असतो, आणि तीच येथें करण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम वादाचें मूळ थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या मुलखांत एकच रुपया चालू केला. त्याचें वजन १८० ग्रेन, पैकीं शुद्ध चांदी १६५ ग्रेन. कोणीही टांकसाळींत चांदी न्यावी व रुपये पाडून आणावे, अशी मुभा असल्यामुळें रुपयाची किंमत म्हणजे त्यांतील चांदीची किंमत होती. इंग्लंडचें नाणें सोन्याचें. तेव्हां दोन देशांमधील हुंडणावळ म्हणजे वस्तुतः सोन्याचांदीचा परस्पर भाव होय. तो बराच काळ स्थिर असल्यानें रुपयाही दोन शिलिंगांच्या आसपास राहिला. १८७१ नंतर जर्मनीनें सुवर्णचलन स्वीकारलें, फ्रान्सादि राष्ट्रांनीं चांदीची नाणीं पाडणें थांबविलें, आणि १८९२-९३ पर्यंत रुपया सुमारें १ शिलिंग ३ पेन्सांवर घसरला. ‘होम चार्जेस’ मात्र विलायतेस पौंडांतच भरावे लागत. दोन शिलिंगांच्या दरानें कोटी पौंडांस दहा कोटी रुपये पुरत. १ शिलिंग ४ पेन्सांच्या दरानें पंधरा कोटी लागत. हा भार रयतेच्या माथीं बसे, हें निराळें सांगावयास नको. अखेर २६ जून १८९३ रोजीं टांकसाळी लोकांच्या चांदीस बंद झाल्या, आणि १८९९ त सॉव्हरिनची किंमत १५ रुपये ठरली.

येथवरची हकीकत इतरांनींही सांगितली आहे, डॉ. आंबेडकरांचें वैशिष्ट्य पुढें दिसतें. देशांत रुपये व नोटा चालवाव्या आणि परदेशच्या देण्यापुरतें सोनें हातीं ठेवावें, ही व्यवस्था केन्स यांनीं १९१३ च्या आपल्या ग्रंथांत उचलून धरली होती. डॉ. आंबेडकरांचा आक्षेप असा कीं, या व्यवस्थेंत लंडनांतील भाव सांभाळला जातो आणि घरच्या बाजारांतील भाव वाऱ्यावर सोडला जातो. टांकसाळी लोकांस बंद, पण सरकारास उघड्या. मग रुपये वाढविण्यास धरबंध कोणता? तेव्हां टांकसाळी सरकारासही बंद कराव्या, रुपयांची संख्या कायम करावी आणि सोन्याचें नाणें चालवावें, हा त्यांचा उपाय.

ग्रंथाचें तिसरें प्रकरण आम्हांस सर्वांत मोलाचें वाटतें. रुपया उतरला म्हणजे निर्यात वाढते व देश संपन्न होतो, असा व्यापारी वर्गाचा दावा असे. डॉ. आंबेडकर दाखवितात कीं, भाव चढतात तितक्या त्वरेनें मजुरी चढत नाहीं. मालकाचा नफा हा मजुराच्या कमी झालेल्या भाकरींतून येतो. ‘देशाचा फायदा’ या मोघम शब्दाआड कोण उभा आहे, हें इतक्या परखडपणें विचारणारा अर्थशास्त्री त्या काळीं विरळाच.

आतां दोष. रोगाच्या चिकित्सेस सहा प्रकरणें आणि उपायास एकच, हें प्रमाण बरें नव्हे. पिकाच्या हंगामांत कापूस व धान्य उचलण्यास एकाएकीं पैसा लागतो. रुपयांची संख्या कायम असतां ही गरज बाहेरून येणाऱ्या सोन्यानें वेळेवर कशी भागेल, याचें समाधानकारक उत्तर आम्हांस सांपडलें नाहीं. त्यांचे गुरु प्रो. कॅनन यांनींही प्रस्तावनेंतच आपला मतभेद नमूद केला आहे. शिवाय सोन्यावरील त्यांचा विश्वास काळानें खरा ठरविला नाहीं. सप्टेंबर १९३१ मध्यें खुद्द इंग्लंडनें सोनें सोडलें.

परंतु त्याच काळानें त्यांचा मुख्य सिद्धांत किती भयंकर रीतीनें खरा ठरविला! १९२७ च्या कायद्यानें ठरलेला १ शिलिंग ६ पेन्सांचा दर दुसऱ्या महायुद्धांत तसूभरही हलला नाहीं. पण ब्रिटनच्या वतीनें होणाऱ्या खर्चासाठीं लंडनांत पौंड जमा होत गेले, त्यांच्या तारणावर येथें नोटा निघत गेल्या, आणि भाव दुपटीहून अधिक चढले. १९४३ त बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. त्या दुष्काळाचीं कारणें अनेक असलीं, तरी ही भाववाढ त्यांतील एक खास होती. हुंडणावळीच्या तक्त्याकडे पाहणारास त्या वर्षीं रुपया अगदीं सुरक्षित दिसला असता.

पुढें १९४९ त रुपया पौंडाबरोबर उतरला, १९६६ त एकटा उतरला, १९६७ त पौंड उतरला असतां स्वतः स्थिर राहिला, आणि १९७५ त पौंडाची दावण सुटली. आतां डॉलरचा भाव वाचून आम्ही हर्षखेद मानतों. वर्तमानपत्रांतला तो आंकडा वाचल्यावर घरांतील वाण्याची वहीही उघडून पाहावी, ही संवय हा ग्रंथ लावतो. वाचकांनीं आरंभ तिसऱ्या प्रकरणापासून करावा. तें पुरें झालें म्हणजे बाकीचीं वाचल्यावांचून त्यांस राहवणार नाहीं, अशी आमची खात्री आहे.