पुनर्प्राप्ती कुणाची? : वर्धा खोऱ्यातील खाण-अहवालांचे एक वाचन

वर्धा खोऱ्यातील कोळसा खाणींचे पर्यावरण-अहवाल मी गेली काही वर्षे एक लेखनप्रकार म्हणून वाचत आलो आहे. हे थट्टेने म्हणत नाही. या लेखनाला ठरावीक घाट आहे, ठरावीक शब्दकळा आहे आणि सतत कर्मणी प्रयोगात बोलणारा एक निवेदकही आहे. वणी, भद्रावती, राजुरा, चंद्रपूर या पट्ट्यातल्या शेतीचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी या कागदांत ठरते. तरी त्यांची समीक्षा कुणी करत नाही.

आधी भाषेकडे पाहू. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे जनसुनावणीपूर्वी अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश लोकांपुढे ठेवावा लागतो. मराठीत मिळतो तो सारांश. शेकडो पानांचा मूळ मजकूर इंग्रजीत. ज्याचे शेत जाणार त्याच्या हाती पडतात ती थोडी पाने, आणि सुनावणीची पूर्वसूचना किमान ३० दिवसांची. २०२० च्या नव्या मसुद्यात या ३० दिवसांचे २० करण्याचा प्रस्ताव होता. शिवाय सप्टेंबर २०१७ पासून चालू कोळसा खाणींना काही अटींवर ४० टक्क्यांपर्यंतचा विस्तार पुन्हा सुनावणी न घेता करता येतो.

या सारांशांत ‘रिक्लेमेशन’ या शब्दाची मोठी तारांबळ उडते. मुंबईकराला रिक्लेमेशन म्हणजे समुद्रात भर टाकून मिळवलेली जागा. खाणीच्या कागदांत कुठे ‘पुनर्भरण’, कुठे ‘भूसुधारणा’, कुठे ‘पुनर्प्राप्ती’, तर कुठे चक्क ‘जमिनीचे पुनर्वसन’. शेवटचा शब्द वाचताना मी दरवेळी थबकतो, कारण पुढच्याच प्रकरणात तोच शब्द माणसांसाठी येतो. यांतला ‘पुनर्प्राप्ती’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. प्राप्ती म्हटली की कुणाला, हा प्रश्न आला. अहवाल नेमका तोच टाळतो.

दुसरी गोष्ट नदीची. परिसराची मूळ स्थिती नोंदवायला एका ऋतूची मोजमापे पुरतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून असतो. म्हणजे नदीखोऱ्याचे वर्णन नदी पात्रात मुकाट पडलेली असताना लिहिले जाते. जुलै २०२२ मध्ये वर्धा आणि इरई यांनी चंद्रपूर-यवतमाळकडे जे केले, ते ज्यांनी पाहिले त्यांना या अहवालांतली नदी ओळखूच येणार नाही. काठाजवळच्या मातीच्या ढिगाऱ्यांमुळे पुराला जागा उरत नाही, ही चंद्रपूरकरांची जुनी तक्रार. पण प्रत्येक खाणीचा अहवाल आपापले १० किलोमीटरचे वर्तुळ आखतो, आणि शेजारच्या खाणीचा ढिगारा त्यात बहुधा नकाशावरची खूण होऊन राहतो.

हे ढिगारे अपघाताने होत नाहीत. खुल्या खाणीत पहिली काही वर्षे आत भर टाकायला जागाच नसते, म्हणून वरची माती आणि कामठी वालुकाश्म बाहेर रचावे लागतात. पुढे खाण सरकते तशी मागच्या भागात भर पडत जाते. खणलेला दगड फुगतो, तरी कोळसा निघून गेलेला असल्याने शेवटी एक खड्डा उरतोच. त्यात पाणी साचले की अहवालात तो ‘जलाशय’ होतो. काळी कसदार माती वेगळी काढून साठवायची अट परवान्यात असते. पण वर्षानुवर्षे ढिगात पडलेल्या मातीतला जीव कमी होत जातो, आणि ती परत पसरली तरी तिच्याखालचे सगळे थर उलटेपालटे झालेले असतात.

म्हणून हे काम अशक्य आहे असे नाही. चंद्रपूरजवळच्या पद्मापूर खाणीच्या ढिगाऱ्यावर नागपूरच्या ‘नीरी’च्या शास्त्रज्ञांनी सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ, मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आणि नत्र स्थिर करणारे जिवाणू वापरून झाडे वाढवून दाखवली आहेत. विज्ञान हाताशी आहे. परवान्याला काय हवे आहे, हा वेगळा प्रश्न.

त्याला हवी आहे हिरवाई. सर्वोच्च न्यायालयाच्या ८ जानेवारी २०२० च्या आदेशानंतर एक अट सर्वत्र आली : खाणकाम संपल्यावर तिथे गवत लावावे आणि जमीन चारा, वनस्पती व प्राणी यांना योग्य करावी. अट चांगली आहे, पण तिच्यात पीक नाही. कोळसा कंपन्यांच्या जमिनीची उपग्रहावरून जी पाहणी होते, तिच्या बेरजेत झाडे लावलेली जमीन आणि नुसती भर टाकलेली जमीन, दोन्ही ‘सुधारणेखाली’ धरली जाते. खाण बंद करण्यासाठी बाजूला ठेवायची रक्कम २००९ मध्ये खुल्या खाणीला हेक्टरी ६ लाख होती, २०२० मध्ये ९ लाख झाली. दोन्ही वेळी हिशेब हेक्टरचाच. त्या हेक्टरातून आधी किती कापूस-तूर निघत होती याचा नाही.

याचे मूळ कायद्यात आहे. वेकोलिच्या खाणींची जमीन बहुधा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने घेतली जाते. ती केंद्र सरकारकडे आणि पुढे कंपनीकडे जाते ती संपूर्ण मालकीने. मोबदला मिळतो, दोन एकरांमागे एक नोकरी मिळते, सातबारा संपतो. १३ एप्रिल २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने कोळसा काढून झालेल्या जमिनीच्या वापराचे धोरण मंजूर केले. त्यात वॉशरी, वीजप्रकल्प, वनीकरण हे सारे आहे. जमीन भाड्याने देता येईल, मालकी मात्र सरकारी कंपनीचीच राहील.

एका सुनावणीला मी गेलो होतो. शाळेच्या पटांगणात मंडप, पुढच्या खुर्च्यांवर अधिकारी. एक म्हातारे शेतकरी उठले आणि म्हणाले, “साहेब, माहा धुरा कुठी राहीन?” साहेबांनी अदबीने उत्तर दिले, “काका, आम्ही हेक्टरी २५०० झाडे लावणार आहोत.” म्हातारे थोडा वेळ उभेच राहिले. पुढे इतिवृत्त हाती आले तेव्हा त्यांचा प्रश्न मी शोधला. तो ‘वृक्षलागवडीबाबत विचारणा’ या सदरात होता, आणि समोरच्या रकान्यात त्याचे समाधान झाल्याची नोंद होती.